आजारी माणसाचं चित्र भिंतीवर लावावं का?

नवीपेठकर
अण्णांना (वडील) पक्षाघात झाल्यापासून ते खाटेवरच आहेत. पुतण्या चित्रकला शिकतो. त्यानं काळ्या शाईत त्यांची रेखाचित्रं काढलीत. वाकडं झालेलं तोंड, उशाला तांब्या, सगळं जसंच्या तसं. त्यातलं एक बैठकीत लावतो म्हटल्यावर वहिनी भडकल्या, "धडधाकट होते तेव्हाचा फोटो आहे की!" माझ्या मते लावावं. डच चित्रकार रेम्ब्राँनं आपल्या बायकोला, सास्कियाला, अंथरुणात कितीदा तरी काढलंय. 1634 ला लग्न, पहिली तीन मुलं तान्हेपणीच गेली, 1641 ला झालेला टायटस तेवढा जगला आणि पुढच्याच वर्षी ती गेली. तिशीसुद्धा गाठली नव्हती. ती चित्रं नसती तर तिचे ते दिवस कुणाला कळले असते?

अशोकचौक
सास्कियाला आता कोण विचारणार? अण्णा तर आहेत की ओ. त्यांना विचारलं का?

नवीपेठकर
बोलता येत नाही. विचारलं तर मान हलवली.

अशोकचौक
मान ते गोळी देताना पण हलवत असतील. आपल्याकडे दवाखान्यातला फोटो स्टेटसला टाकतात, वर 'लवकर बरे व्हा'. नळ्या लावलेला माणूस गावभर! शाईनं काढलं म्हणून ते वेगळं कसं झालं?

बाळीवेस
वेगळं आहे. फोटो काढायला निमिष पुरतं. चित्र काढायला शेजारी बसावं लागतं आणि शाई खोडता येत नाही. कुणाला दाखवायचं हा प्रश्न मात्र खराच आहे, तिथे तुमच्याशी सहमत.

जुळेसोलापूर
बसावं लागतं म्हणे! अण्णांचं करतं कोण?

नवीपेठकर
वहिनीच.

जुळेसोलापूर
वाटलंच. मी सासूबाईंचं केलंय. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, येईल त्या दिवशी आधी अंथरुणं धुवायची. आपली सोलापुरी चादर ओली झाली की एकटीला पिळवत नाही. कूस बदलायची, पाठीला जखम होते का बघायचं, भरवताना ठसका लागू द्यायचा नाही. आजारपण म्हणजे एवढं सगळं. चित्रात काय येतं, तर तांब्या. वहिनींना पुन्हा भिंतीवर पण तेच बघायला लावणार का?

बाळीवेस
ताई, रेम्ब्राँचं म्यूनिकमधलं चित्र बघा. सास्किया मागे, बारीक रेघांत. पुढे पायथ्याशी एक बाई बसलीय, तिला त्यानं कुंचल्यानं ठसठशीत काढलंय. करणारीच आधी नजरेत भरते. (आणि अंथरुणातली त्याची सगळीच चित्रं आजारपणाची म्हणू नका, सास्कियाची बाळंतपणंही होती.)

जुळेसोलापूर
बघितलं. चांगलंय, नाही म्हणत नाही. पण ती बसलेली दिसते. उठून काय काय करते ते कुठंय? तुमच्या पुतण्याला सांगा, एक दिवस वही ठेव आणि चादर पिळू लाग. मग काढ.

नवीपेठकर
सांगतो. पण लावायचं की नाही?

अशोकचौक
अण्णांच्या खाटेवरून दिसेल असं लावा. त्यांनी तोंड फिरवलं तर काढून टाका.

नवीपेठकर
बैठकीतली भिंत तिथून दिसत नाही. आत लावलं तर पाहुण्यांना दिसणार नाही.

अशोकचौक
मग अडचण काय आहे?