ब्रिटनमधले नवे कायदे आणि निकाल: मूळ कागद स्वतः वाचायचा की वकिलावर सोडायचा?

टेम्सकाठचा (धागाकर्ता) | ४ जानेवारी २०२६

थेट मुद्द्यावर येतो. ब्रिटनमध्ये व्हिशावर असलेल्या किंवा भाड्याने राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आपल्याला लागू होणारा कायदा मूळ ठिकाणी जाऊन स्वतः वाचलाच पाहिजे. बातमीच्या मथळ्यावर, फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओवर किंवा "वकील बघेल" यावर विसंबून राहू नये.

हे लिहायला कारण घडलं. ऑक्टोबरअखेर ओळखीतल्या एका कुटुंबाला घरमालकाने कलम २१ची नोटीस दिली, म्हणजे कारण न सांगता दोन महिन्यांत घर खाली करा. ग्रुपवर सगळे एका सुरात म्हणाले, "ते कलम रद्द झालंय, नोटीस फाडून टाका." कारण २७ ऑक्टोबरला रेंटर्स राइट्स ॲक्टला, म्हणजे भाडेकरूंच्या हक्कांच्या नव्या कायद्याला, राजाची संमती मिळाल्याची बातमी सगळीकडे होती. संमती मिळाली हे खरंच. पण खासगी भाडेकरूंसाठी कलम २१ बंद होणार आहे १ मे २०२६पासून. त्याआधी रीतसर दिलेली नोटीस चालते. ग्रुपचं ऐकून ते गप्प बसले असते, तर घरमालक कोर्टात जाऊन ताबा घेऊन आला असता आणि कोर्टाचा खर्चही यांच्याच डोक्यावर बसला असता.

बिल मांडणं, ते मंजूर होणं, राजाची संमती आणि प्रत्यक्ष अंमल हे चार वेगवेगळे दिवस असतात. बातमी पहिल्या तिघांची होते. आपलं आयुष्य बदलतं ते चौथ्या दिवशी, आणि तो दिवस बहुतेक वेळा एखाद्या छोट्या आदेशात लपलेला असतो. सरकारी कायदे संकेतस्थळावर प्रत्येक कायद्याचा मजकूर फुकट आहे, अंमलात न आलेल्या कलमांपुढे तशी खूण असते, सोबत स्पष्टीकरणाच्या टिपाही असतात. निकालांसाठी एप्रिल २०२२पासून नॅशनल आर्काइव्ह्जची सेवा आहे, तीही फुकट. सुप्रीम कोर्ट तर प्रत्येक निकालासोबत दोन-चार पानी सारांश देतं. एवढं समोर असताना आपण ऐकीव माहितीवर का जगायचं?

हॅरोचा_सॉलिसिटर | ४ जानेवारी

असहमत, आणि जोरात असहमत.

तुमच्या उदाहरणात तारीख वाचायची होती. तारीख कुणीही वाचू शकतं. निकाल वाचणं वेगळं. गाडीच्या कर्जावरच्या कमिशनचं प्रकरण घ्या. २५ ऑक्टोबर २०२४ला कोर्ट ऑफ अपीलने सांगितलं की ग्राहकाला नीट माहिती देऊन संमती न घेता डीलरने कर्ज कंपनीकडून कमिशन घेतलं असेल, तर ते बेकायदा. लोकांनी निकाल वाचला, हिशेब मांडले. १ ऑगस्ट २०२५ला सुप्रीम कोर्टाने त्यातला मोठा भाग उलटवला. डीलर हा ग्राहकाचा विश्वस्त नाही, म्हणून तो मुख्य आधारच गेला. तीन दावेदारांपैकी एकाचा दावा टिकला, तोही ग्राहक कर्ज कायद्याखाली, त्याच्या प्रकरणातलं नातं अन्याय्य ठरलं म्हणून. पहिला निकाल अक्षरशः बरोबर वाचणारा माणूस नऊ महिन्यांनी चुकीच्या जागी उभा होता.

निकालातलं कुठलं वाक्य बंधनकारक आणि कुठलं न्यायाधीशांनी जाता जाता म्हटलेलं, अपील बाकी आहे का, नंतर संसदेने काय केलं, हे पाहायला आम्ही वर्षं घालवतो. आणि तुम्ही ज्या सारांशाचं कौतुक करता, त्याच्यावरच लिहिलेलं असतं की तो निकालाचा भाग नाही.

ग्लासगोकर | ४ जानेवारी

एक मूलभूत गोष्ट राहून जातेय. "ब्रिटनचा कायदा" असं बऱ्याच बाबतीत काही नसतंच. धाग्यातला भाडेकरू कायदा मुख्यतः इंग्लंडचा. आमच्याकडे स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१७पासूनच्या नव्या भाडेकरारांत विनाकारण घर खाली करायला लावता येत नाही. वेल्सची स्वतंत्र व्यवस्था डिसेंबर २०२२पासून. व्हिशाचे नियम मात्र सगळ्यांना एकच. त्यामुळे मूळ कागद उघडल्यावर पहिलं "कुठे लागू" हे बघा, तारीख त्यानंतर. मुंबईहून एडिंबरात आलेल्या विद्यार्थ्यांना लंडनच्या ग्रुपवरचा सल्ला मिळतो आणि ते घरमालकाशी चुकीच्या कलमावरून भांडतात, हे दर सप्टेंबरात बघतोय.

उत्तरा_लेस्टर | ५ जानेवारी

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही दोघे माणसाने काय करावं याबद्दल बोलताय. कायदा असा का लिहिला जातो, याबद्दल कुणीच बोलत नाही.

मी केअर होममध्ये काम करते. माझ्या सहकारी रात्रपाळी करून घरी जातात, मुलांना शाळेत सोडतात, चार तास झोपतात. त्यांनी इमिग्रेशनचे नियम कधी वाचायचे? १९७३मध्ये हे नियम सुमारे ४० पानांत मावत होते, पुढे ते हजाराच्या वर गेले. कायदे सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने जानेवारी २०२०मध्ये ते सोपे करा असा सविस्तर अहवाल दिला. त्याआधी, २०१३मध्ये, कोर्ट ऑफ अपीलच्या लॉर्ड जस्टिस जॅक्सन यांनीच लिहिलं होतं की या नियमांची गुंतागुंत बघून बायझंटाइन सम्राटांनाही हेवा वाटला असता. कोर्टाच्या न्यायाधीशांना जे झेपत नाही ते नाशिकहून आलेल्या मुलीने समजून घ्यावं, नाही समजलं तर दोष तिचा?

आणि बदलाचा वेग बघा. स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगाराच्या व्हिशासाठी पगाराची अट एप्रिल २०२४मध्ये २६,२०० पौंडांवरून ३८,७००वर, २२ जुलै २०२५पासून ४१,७००वर. त्याच दिवशी परदेशातून नवे केअर वर्कर आणणं बंद. जोडीदाराला आणण्यासाठी उत्पन्नाची अट १८,६००वरून २९,०००. प्रत्येक वेळी आधी आलेल्यांसाठी वेगळे अपवाद, वेगळ्या तारखा. स्पॉन्सरचं, म्हणजे ज्याच्या नोकरीवर व्हिसा मिळाला त्या मालकाचं, लायसन्स गेलं तर सहसा ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा. या परिस्थितीत "स्वतः वाचा" हा सल्ला मला क्रूर वाटतो.

टेम्सकाठचा | ५ जानेवारी

उत्तराताई, नियम सोपे हवेत यात वादच नाही. पण ते सोपे होईपर्यंत तुमच्या सहकाऱ्यांनी काय करायचं? मी हजार पानं वाचा म्हणत नाही. आपल्या व्हिशाचं परिशिष्ट तेवढं वाचा. नियम बदलताना होम ऑफिस, म्हणजे इथलं गृहखातं, संसदेपुढे बदलांचं निवेदन ठेवतं आणि त्यासोबत साध्या इंग्रजीतलं स्पष्टीकरणपत्र असतं. काय बदलतंय, कधीपासून, आधी केलेल्या अर्जांचं काय, हे त्यात असतं. निवेदन ठेवल्यापासून अंमलापर्यंत किमान २१ दिवस जावेत असा संकेत आहे. म्हणजे वाचणाऱ्याला तीन आठवडे मिळतात. जो ऐकीव माहितीवर थांबतो, त्याच्या हातात त्यातले चार दिवस उरतात. चौघीजणी मिळून एकीने वाचून इतरांना सांगितलं तरी चालेल.

मिलिंद_रीडिंग | ५ जानेवारी

आता वकीलही नको आणि वाचनही नको, एआयला विचारायचं. मी कंपनीच्या कामात रोज वापरतो. निवेदनाची पीडीएफ टाकायची, माझी परिस्थिती सांगायची, उत्तर तयार. उत्तराताईंच्या सहकाऱ्यांना मराठीत हवं तर मराठीतही मिळेल.

हॅरोचा_सॉलिसिटर | ५ जानेवारी

मिलिंद, कृपा करून जून २०२५चा हायकोर्टाचा निकाल वाचा. लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलविरुद्धच्या घराच्या एका प्रकरणात वकिलांनी पाच असे निकाल दाखले म्हणून दिले, जे अस्तित्वातच नव्हते. त्याच्याच जोडीला ऐकलेल्या, कतारच्या एका बँकेविरुद्धच्या दाव्यात ४५ दाखल्यांपैकी १८ मुळात नव्हतेच. त्या दुसऱ्या प्रकरणात शोध अशिलाने स्वतः एआयच्या मदतीने केला होता आणि सॉलिसिटरने तो न तपासता पुढे पाठवला. न्यायाधीश डेम व्हिक्टोरिया शार्प यांनी बजावलं की असं करणाऱ्यावर कोर्टाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते, अगदी गंभीर प्रकरण पोलिसांकडेही जाऊ शकतं.

पीडीएफ पुढ्यात ठेवून त्यातलं एक वाक्य समजावून घेणं ठीक. पण "माझ्या बाजूने निकाल आहे का" असं विचाराल, तर ते यंत्र तुम्हाला निकाल तयार करून देईल.

टेम्सकाठचा | ५ जानेवारी

म्हणजे ज्या वकिलावर सोडायचं तुम्ही सांगता, त्यांनीही मूळ कागद पाहिला नव्हता. त्या १८ निकालांची नावं फुकटच्या संकेतस्थळावर शोधली असती, तर एका दुपारी सगळं उघड झालं असतं. हे कुठलाही सामान्य माणूस करू शकला असता. माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

डॉक्टर_साठे_नव्हे | ६ जानेवारी

२००४मध्ये एचएसएमपीवर आलो, म्हणून लिहितोय. नव्या मंडळींसाठी: ती उच्चकुशल स्थलांतरितांची योजना, २००२मध्ये सुरू झालेली, त्यात भारतीय डॉक्टर-इंजिनिअर खूप. नोव्हेंबर २००६मध्ये सरकारने मुदतवाढीच्या अटी बदलल्या आणि त्या आधीच आलेल्यांनाही लावल्या. घरं विकून, नोकऱ्या सोडून आलेली माणसं एका रात्रीत अपात्र ठरली.

लढा उभा राहिला तो मूळ कागद वाचणाऱ्यांमुळे. योजनेच्या मार्गदर्शक पत्रकात लिहिलेलं होतं की जे या योजनेतून आत आले आहेत, त्यांना पुढचे बदल काहीही झाले तरी चार वर्षांनी स्थायिक होण्याचा अर्ज करता येईल. ते वाक्य कुणीतरी जपून ठेवलं होतं. या लोकांची संघटना, एचएसएमपी फोरम, कोर्टात गेली. एप्रिल २००८मध्ये हायकोर्टाने अटी मागे नेऊन लावणं बेकायदा ठरवलं, आणि २००९मध्ये दुसऱ्या निकालात चार वर्षांची पाच करणंही त्या लोकांपुरतं रद्द झालं. वकील उत्तम होतेच. पण वकिलांच्या हातात ते पान ठेवणारे सामान्य लोक होते.

आज स्थायिक होण्याची मुदत ५ वर्षांवरून १० करण्याचं चाललंय, तेव्हा हा इतिहास माहीत हवा.

हॅरोचा_सॉलिसिटर | ६ जानेवारी

डॉक्टर, तुमच्या लढ्याबद्दल मनापासून आदर. पण गेले सहा महिने माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस हाच २००८चा निकाल घेऊन येतो आणि "आम्हाला १० वर्षं लागूच होऊ शकत नाहीत" म्हणतो. नेमकं हेच मला धोक्याचं वाटतं.

मे २००९चा हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हा तेच इथलं सर्वोच्च न्यायालय) ओडेलोला निकाल कुणी वाचत नाही. नायजेरियातून शिकून आलेल्या एका डॉक्टरने मुदतवाढीचा अर्ज केला. अर्ज पडून असताना नियम बदलला, ब्रिटनमधली वैद्यकीय पदवी हवी अशी अट आली, अर्ज नाकारला गेला. लॉर्ड्सनी सांगितलं की सर्वसाधारणपणे निर्णयाच्या दिवशी जो नियम असेल तो लागू. इमिग्रेशनचे नियम म्हणजे सरकारच्या धोरणाचं निवेदन, ते बदलू शकतं. एचएसएमपीत लेखी वचन होतं म्हणून लोक जिंकले. स्किल्ड वर्करच्या पत्रकात तसं वचन मला तरी दिसलेलं नाही.

डॉक्टर_साठे_नव्हे | ६ जानेवारी

फरक बरोबर सांगितलात आणि तो इथे लिहिलात हे फार चांगलं केलंत. पण बघा, तो कळण्यासाठीही दोन्ही निकाल शेजारी ठेवूनच वाचावे लागले ना? आणि अशिलाने ते पान आणलं नसतं तर ही चर्चा त्याच्याशी झाली असती का?

कोथरूडहून_सविता | ६ जानेवारी

माझी मुलगी आणि जावई मँचेस्टरला आहेत, म्हणून विचारते. निकाल वाचून तरी काय साधतं? रवांडाचं आम्ही इथे टीव्हीवर पाहिलं. नोव्हेंबर २०२३मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी आश्रय मागणाऱ्यांना तिथे पाठवणं बेकायदा ठरवलं, आणि एप्रिल २०२४मध्ये संसदेने "रवांडा सुरक्षित आहे असंच मानायचं" असा कायदाच केला. आपल्याकडे कोर्ट संसदेचा कायदाही रद्द करू शकतं. तिथे संसदच वरचढ असेल, तर मुलांनी कोर्टाकडे बघायचं की संसदेकडे?

ग्लासगोकर | ६ जानेवारी

सविताताई, दोन्हीकडे, आणि क्रमाने. तुम्ही म्हणता ते खरं, इथे न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. पण सरकारने कायद्याच्या बाहेर काही केलं तर ते रोखू शकतं. सप्टेंबर २०१९मध्ये अकरा न्यायाधीशांनी एकमताने पंतप्रधानांनी संसद स्थगित करणं बेकायदा ठरवलं होतं. व्हिशाचे नियम हे संसदेच्या कायद्यापेक्षा खालच्या पायरीवरचे, त्यामुळे तिथे कोर्टाला बराच वाव आहे. आणि रवांडाची गोष्ट तिथे थांबली नाही. जुलै २०२४ला सरकार बदललं, योजना गुंडाळली गेली, तो कायदाही डिसेंबर २०२५च्या नव्या इमिग्रेशन कायद्याने मागे घेतला. पण फक्त नोव्हेंबर २०२३ची बातमी ज्याच्या डोक्यात राहिली, त्याचं चित्र दोनदा जुनं झालंय.

उत्तरा_लेस्टर | ७ जानेवारी

एवढं वाचल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. एचएसएमपी, ओडेलोला, रवांडा, कार कर्ज... इथे वर्षानुवर्षं राहणारे शिकलेले लोक दोन दिवस वाद घालताहेत तेव्हा कुठे एक फरक स्पष्ट झाला. माझ्या पाळीतल्या बायकांना हे कोण सांगणार? वकिलाचा तासाचा दर त्यांच्या दिवसाच्या पगाराहून जास्त आहे. कायदेशीर मदतीचा सरकारी निधी २०१३पासून बहुतेक इमिग्रेशन प्रकरणांना मिळतच नाही. "वकिलाकडे जा" आणि "स्वतः वाचा", दोन्ही सल्ले वेळ आणि पैसा असणाऱ्यांसाठी आहेत.

हॅरोचा_सॉलिसिटर | ७ जानेवारी

निधीबद्दल पूर्ण सहमत. तिथे माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एक सांगतो: पैसे देऊन सल्ला घ्यायचाच असेल, तर देणारा सॉलिसिटर आहे किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला आहे हे आधी तपासा. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणं १९९९च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी आपल्याच लोकांत "कन्सल्टंट" कमी नाहीत.

टेम्सकाठचा | ७ जानेवारी

उत्तराताई, मग एक प्रत्यक्ष काम सुचवतो. १० वर्षांच्या प्रस्तावावर सरकारची जाहीर सल्लामसलत २० नोव्हेंबरला सुरू झाली, ती १२ फेब्रुवारीपर्यंत खुली आहे. जे आधीच इथे आहेत पण ज्यांना आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, मिळालेलं नाही, त्यांना सूट द्यावी का, हा प्रश्न त्यात आहे. हा अजून प्रस्ताव आहे, नियम झालेला नाही. मी येत्या शनिवारी त्याचा मराठी गोषवारा इथे टाकतो, कलमवार. सॉलिसिटरसाहेबांनी तो तपासावा ही विनंती.

हॅरोचा_सॉलिसिटर | ७ जानेवारी

तपासतो. पण वर ठळक लिहा की हा सल्ला नाही.

उत्तरा_लेस्टर | ७ जानेवारी

टाका. मी तो छापून स्टाफरूममध्ये लावते आणि सहीसाठी नाही, उत्तर लिहिण्यासाठी सगळ्यांना बसवते. माझ्या उत्तरात मात्र पहिली मागणी हीच असेल की जे नियम आमच्या नोकरीवर आणि मुलांवर चालतात, ते आम्हाला वाचता येतील असे लिहा. त्यावर तुमचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही.