मीटर वाजलं तरी वायर तुटकी असू शकते
मल्टिमीटरची दोन टोकं वायरच्या दोन्ही टोकांना लावली आणि ‘टीं’ वाजलं म्हणजे वायर चांगली, असं म्हणतात ते पटत नाही. मीटर अगदी किरकोळ करंट सोडतं. वायरमधला एकच धागा शाबूत असला तरी ते वाजतं. आमच्या ट्रॅक्टरचा हेडलाइट रात्री वखरताना धुऱ्यावर वळलं की जायचा, घरी आणला की ठीक. दोन हंगाम असेच गेले.

शेवटी वायर दोन्हीकडून सोडवली, बॅटरीवरून तिच्यातूनच १२ व्होल्ट, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवला, म्हणजे जवळपास पावणेदोन अँपिअर लोड, आणि वायर इंच-इंच हलवत गेलो. स्टिअरिंगखालच्या क्लॅम्पपाशी बल्ब फडफडला. वरून इन्सुलेशन धड, आत तांबं हिरवं पडलेलं. अर्थ (अर्थिंग, म्हणजे बल्बपासून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी जोडणी) पण लाइट चालू ठेवूनच तपासा: बॅटरीच्या निगेटिव्हपासून बल्बच्या अर्थपर्यंत मीटरवर अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी तो जोड उघडून घासा.