शेजारचा तुकडा मिळाला. आता टर्फ की माती?

तालमीतला
मैदानाला लागून असलेला, कांसेकडचा (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याकडचा) पडीक तुकडा आपल्याला मिळतोय. बैठकीत आराखडा फिरला: बॉक्स क्रिकेटची दोन टर्फ, कडेने पेव्हरचा रस्ता, चार फ्लडलाइट, उरलं ते पार्किंग. खो-खो कुठे, विचारलं तर म्हणे 'मधे बसवू'. कसं बसवणार? खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, शिवाय भोवती पळायला मोकळी जागा. आराखड्यावर पट्टी ठेवून पाहिली, मधे लंगडीसुद्धा नीट होणार नाही. १९२३ साली ह्याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, अखिल भारतीय सामने भरवले होते, आणि आज आपल्याला त्याच्या मैदानाचे १३ बाय १० मीटर जड झाले! नवा तुकडा अख्खा मातीचाच ठेवा.

कारेलीबागवाला
काका, माती पुरे झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, मुलांचा आणि मुलींचा दोन्ही आपणच जिंकलो, आणि खेळ मॅटवर होता. आपली पोरं मातीत तयार होणार आणि निवडचाचणीत मॅटवर गोंधळणार. दुसरं, टर्फचं भाडं नको म्हणता, मग वॉचमनचा पगार कोण देणार? वर्गणीला गेलं की निम्म्या घरांतून 'साहेब बाहेर गेलेत'.

तालमीतला
मॅटचे तुकडे काम झालं की उचलून रचून ठेवता येतात. टर्फ एकदा बसलं की ती जागा त्याचीच. जुन्या कोपऱ्यात शेड घाला, फरशी सपाट करा, मॅट तिथे. आणि मे महिन्यात दुपारी टर्फवर अनवाणी उभे राहून दाखवा, मग पुढचं बोलू. मल्लखांब कुठे पुरणार, हे तर कोणी विचारलंच नाही.

सिव्हिलवाली
तुम्ही दोघं वर काय टाकायचं ह्यावर भांडताय, खाली काय आहे ते बघा. तो तुकडा सखल आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी गावात शिरली, तेव्हा आपल्याकडचं पाणी तिथेच जाऊन थांबलं होतं. आता आराखड्यात त्यावर भराव, भरावावर काँक्रीट. भराव टाकला म्हणून पाणी नाहीसं होत नाही, ते मागच्या ओळीतल्या घरांत जाईल. त्यातून आपली चिकण माती, भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पेव्हर दोन पावसाळ्यांत वरखाली होतील. आधी कांसेचा गाळ काढून घ्या. मैदान आहे त्याच पातळीवर ठेवा, कांसेकडे शंभरात एक उतार द्या. पूर आला तर चार दिवस खेळ बंद, एवढंच नुकसान. काका, ह्यात मी तुमच्या बाजूची आहे, पण १९२३मुळे नाही.

दोन मुलींची आई
लाइट मात्र हवेतच. थंडीत सहा वाजता अंधार पडतो, मुली क्लासहून साडेसहाला येतात. माती की टर्फ, त्यांना कशावरही चालेल. आख्ख्या आराखड्यात बायकांसाठी एक संडास नाही, हे एवढ्या जाणत्या पुरुषांपैकी कोणालाच दिसलं नाही का?

पेन्शनर
लाइट दहाला बंद. पेव्हर नकोत, गुडघे जातात.

ओटल्यावरून
नवरात्राचं विसरलात. नऊ रात्री गरबा, मग मांडवाच्या खांबांचे खड्डे दिवाळीपर्यंत तसेच. मागच्या वर्षी माझ्या भाच्याचा पाय त्यातच मुरगळला. मैदान कुठलंही करा, खड्डे कोण बुजवणार ते आधी लिहून घ्या.

कारेलीबागवाला
संडासाचं मान्य, चूक माझीच, आराखड्यात मीही होतो. भरावाचं ताई म्हणतात ते खरं असेल तर टर्फ जुन्या बाजूला सरकवू. पण दोन्ही. एकाच्या भाड्यात वॉचमन आणि लाइटबिल निघत नाही.

तालमीतला
एक. दुसऱ्याच्या जागी शेड.

कारेलीबागवाला
हिशेब घेऊन येतो, मग बोला.

सिव्हिलवाली
रविवारी सकाळी सहाला टेप घेऊन या, दोघंही. कांसेकडून मोजायला लागू. बूट घाला, आणि कुत्रं आणू नका. मागच्या पावसाळ्यात तिथेच मगर निघाली होती.