मिरिंग आणि बाप्तिस्मा: अडचण नेमकी कुठे?

इबान हा बोर्निओतल्या सारावाकचा आदिवासी समाज. 'बाप्तिस्मा घेतलेल्या इबानांनी गवाईत, म्हणजे सणात, मिरिंग हा देवांना नैवेद्य दाखवायचा विधी करावा का' यावर सरळ हो-नाही असा वाद चालतो. पण मिरिंगचे भाग सुटे करून पाहिले तर वाद बराच आवरतो.

रुआईवर, म्हणजे लाँगहाऊसच्या सामायिक ओसरीत, पुआ कुंबू हे विणलेलं कापड अंथरतात. त्यावर ताटल्या विषम संख्येत: ३, ५, ७, फार तर ९. भात, चिकट तांदूळ, लाह्या, अंडी, विड्याचं पान, सुपारी, चुना, तंबाखू, वर तुआक ही तांदळाची दारू. इथवर कुणाचं फारसं बिघडत नाही. खरी अडचण पुढे. कोंबडा ताटल्यांवरून ओवाळताना म्हणायच्या साम्पी या मंत्रात पेताराला, म्हणजे देवांना, नाव घेऊन बोलावतात, मग कोंबडा कापून पीस रक्तात बुडवून नैवेद्याला लावतात. आवाहन आणि रक्त, दोन्ही ख्रिस्ती श्रद्धेला थेट भिडतात. साम्पीच्या जागी येशूची प्रार्थना म्हणून बाकी सगळं तसंच ठेवलं, तर कोंबडा कुणासाठी कापला हा प्रश्न उरतोच. असली अर्धवट जोडणी मला पटत नाही.

त्यापेक्षा मिश्र कुटुंबांनी मिरिंग जुन्या श्रद्धेच्या वडीलधाऱ्यांकडे सोपवावं, स्वतः प्रार्थना वेगळी करावी आणि जेवायला, नाचायला सगळ्यांनी एकत्र बसावं. कॅथलिक-अँग्लिकनांना तुआक सहसा चालते. १९२८ च्या बोर्निओ इव्हँजेलिकल मिशनमधून उभ्या राहिलेल्या एसआयबी (सिदांग इंजिल बोर्निओ) चर्चला मात्र दारूच वर्ज्य. तिथे पाहुण्याला पेल्याचा आग्रह करू नये.

गवाई अंतू ही गवाई मात्र मृतांसाठी असते, तिला हा तोडगा पुरत नाही.