कॅमेऱ्याआधी आवाज

काही मुलं वर्गात आणि काही घरून ऑनलाइन, अशा तासाबद्दल "चांगला कॅमेरा घेतला की घरून बसणारी मुलं टिकतील" असं म्हणतात, ते पटत नाही. धारणी किंवा भामरागडसारख्या दुर्गम भागातल्या, नेट कमजोर असलेल्या मुलाला चित्र अडखळलं तरी चालतं, आवाज तुटला की तो गेलाच. ६०० केबीपीएसचं (सेकंदाला ६०० किलोबिट) चित्र तासाला सुमारे २७० एमबी डेटा खातं, ६४ केबीपीएसचा आवाज जेमतेम २९. म्हणून फळ्याचा फोटो चॅटमध्ये टाका, कॅमेरा बंद ठेवा आणि पैसे कॉलर माइकवर घाला. तो हनुवटीखाली वीतभर लावायचा. लॅपटॉपचा माइक कूलरचीच घरघर पाठवतो.

खरी अडचण म्हणजे वर्गातल्या मुलांचे प्रश्न पलीकडे ऐकूच जात नाहीत. दुसरा माइक फिरवा, नाहीतर सरांनी प्रत्येक प्रश्न पुन्हा म्हणावा. आणि मतचाचणीसाठी (पोल, म्हणजे सगळ्यांनी फोनवर उत्तर निवडायचं) वर्गातल्यांना त्याच मीटिंगमध्ये घेऊ नका. एकाचाही फोन स्पीकरवर राहिला की आवाज फिरून कर्कश शिट्टी सुरू होते. मतचाचणीची लिंक वेगळी द्या, दोन्हीकडच्यांना एकच. लाइन गेली की लॅपटॉप चालतो पण राउटर बंद पडतो. त्याच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट (बहुतेकदा १२) आणि अँपिअर पाहून त्याला जुळणारा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटर चालू ठेवणारी बॅटरी, लावा.