डुकरांचे विषाणू उंदरांमध्ये केवळ सापडतात, की पसरतातही?

शिवार:
आमच्या वराहगृहात अंगावर पिणारी काही पिले ठळक लक्षण न दाखवता अचानक दगावली. शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूंवर पांढुरके ठिपके दिसले, तेव्हा पशुवैद्यकांनी मेंदू व हृदयाच्या स्नायूंना दाह करणाऱ्या एन्सेफॅलोमायोकार्डायटिस विषाणूचा, म्हणजे ईएमसीव्हीचा संशय व्यक्त केला आणि खाद्याच्या कोठीतील उंदरांचा बंदोबस्त करण्यास सांगितले. उंदीर खाद्य नासवतात आणि घाण इकडून तिकडे नेतात, हे मला मान्य आहे. परंतु डुकरांना मारणारा विषाणू उंदराच्या शरीरात खरोखर वाढतो का, आणि डुकरांचा संबंध नसतानाही एका उंदराकडून दुसऱ्याकडे जातो का?

सूक्ष्मदर्शी:
ईएमसीव्हीपुरते उत्तर ‘होय’ असे आहे. १९५८ मध्ये पनामात डुकरे दगावली तेव्हा तो डुकरांचा रोगकारक म्हणून ओळखला गेला खरा, पण त्याचे नैसर्गिक वसतिस्थान म्हणून आजही उंदीर आणि घुशी (म्हणजे मोठे उंदीर, इंग्रजीत ‘रॅट’) यांच्याकडेच पाहिले जाते. प्रयोगात बाधित घुशींच्या सहवासात निरोगी घुशी ठेवल्या असता त्यांनाही संसर्ग झाला, म्हणजे साखळी चालू राहण्यासाठी डुकराची गरज उरत नाही. घूस सहसा आजारीही दिसत नाही; विषाणू तिच्या आतड्यातील लसिका ऊतींमध्ये टिकून राहतो आणि विष्ठेवाटे बाहेर पडतो. ती विष्ठा खाद्यात मिसळली किंवा मेलेला उंदीर डुकराने खाल्ला, की तो कळपात शिरतो. बाधित डुकरे मात्र विषाणू थोडाच काळ बाहेर टाकतात. म्हणून आपल्या पशुवैद्यकांनी आधी कोठीकडे बोट दाखवले, ते मला अगदी योग्य वाटते.

पशुवैद्यक विद्यार्थिनी:
हा नियम सगळ्या विषाणूंना लावू नये, एवढे आवर्जून सांगते. १९०२ मध्ये हंगेरीत आउयेस्की यांनी वर्णन केलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा विषाणू घुशीला मारतो, पण मरण्यापूर्वी ती तो क्वचितच पुढे देते. तिथे डुक्कर हाच विषाणूचा खरा साठा आहे. पीआरआरएसचा, म्हणजे डुकरांच्या प्रजनन व श्वसनाच्या रोगाचा विषाणू तर याहून चोखंदळ असतो. त्याला डुकराच्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशींवरील सीडी१६३ हे प्रथिन लागते, आणि उंदीर व घुशी यांना त्याची बाधा होत नाही असे प्रयोगांत दिसले आहे.

शिवार:
मग कोठीत पकडलेल्या उंदरांची पीसीआर चाचणी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी) करून घेतली, तर प्रश्न मिटेल का?

सूक्ष्मदर्शी:
नमुना कशाचा घेतला, यावर ते अवलंबून आहे. डुकरांची विष्ठा किंवा सांडलेले खाद्य खाणाऱ्या उंदराच्या आतड्यात विषाणूचा जनुकीय अंश सहज सापडू शकतो. तेवढ्यावरून त्याला बाधित म्हणणे घाईचे होईल. हृदय, प्लीहा, लसिका ग्रंथी यांत विषाणू मिळाला आणि रक्तात प्रतिपिंडेही (अँटीबॉडी) आढळली, तर संसर्गाचा पुरावा भक्कम ठरतो. तरीही उंदरांमधील प्रसार त्याने सिद्ध होत नाही. डुकरांच्या सर्कोव्हायरस-२ चे उदाहरण घ्या: वराहगृहांतील उंदरांमध्ये त्याचा डीएनए आढळला आहे आणि प्रयोगात तो उंदरांच्या शरीरात वाढतो, तरी डुकरांपासून तोडलेल्या उंदरांच्या वस्तीत तो पिढ्यान्‌पिढ्या तग धरतो, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. आपल्या प्रकरणात दगावलेल्या पिलांच्या हृदयाचा नमुना आधी तपासून घ्यावा, कारण निदान तिथेच पक्के होईल. पुढे उंदरांतही विषाणू मिळाला, तर दोन्हींचे जनुकीय क्रम ताडून पाहता येतील.

पशुवैद्यक विद्यार्थिनी:
वाट उलटीही असते, म्हणजे उंदरांचे विषाणूही डुकरांत शिरू शकतात, हे ध्यानात असू द्यावे. ओहायो स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले की घुशींच्या हिपॅटायटिस-ई विषाणूचा एक वाण डुकरांना बाधतो आणि सोबत ठेवलेल्या डुकरांतही पसरतो. विषारी गोळ्या टाकणार असाल तर मेलेले उंदीर रोज वेचून, हातमोजे घालून, डुकरांच्या तोंडी लागणार नाहीत असे नष्ट करा. कोठीच्या भिंतीतील बिळे बुजवणे आणि सांडलेले खाद्य त्याच दिवशी झाडून काढणे या कामांना नमुन्यांच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नाही.