बुद्धिबळाच्या इंजिनची (खेळी शोधणाऱ्या प्रोग्रामची) पारख कशावर करायची: अवघड बलिदानांवर की हजारो डावांवर?

तिरपा उंट
ज्यांना इंजिन विश्लेषणासाठी हवंय त्यांनी डावांवरून लावलेली रेटिंगची यादी बाजूला ठेवावी आणि अवघड बलिदानाच्या स्थितींवर त्याचा कस लावावा, असं माझं ठाम मत आहे.

टोपालोव्ह–शिरोव्ह, लिनारेस १९९८ पटावर मांडा. पांढरा: राजा जी१, उंट सी३, प्यादी जी२, एच४. काळा: राजा ई६, उंट एफ५, प्यादी ए४, डी५, एफ६, जी६. खेळी काळ्याची. शिरोव्हने ४७व्या खेळीला उंट एच३ वर नेऊन चक्क देऊन टाकला. दोन प्यादी जास्त असली तरी उंट विरुद्ध रंगांच्या घरांवरचे, त्यामुळे साध्या खेळींनी काही निघत नाही. काळ्या राजाला एफ५ वरून ई४ गाठायचंय आणि एफ५ वर त्याचाच उंट बसलाय. तो जी२ वर हल्ला करतच हलला, म्हणून पांढऱ्या राजाला ई३ वेळेत मिळत नाही. जी×एच३, राजा एफ५, राजा एफ२, राजा ई४, उंट×एफ६, डी४. ए आणि डी ही दोन्ही प्यादी एकट्या उंटाला आवरत नाहीत. उंट घेतलाच नाही तर? ४८. राजा एफ२, राजा एफ५; ४९. राजा एफ३, उंट×जी२ शह, ५०. राजा×जी२, राजा ई४. तेच.

हे न दिसणारं इंजिन यादीत कितीही वर असो, अशा अंतिम खेळात त्याच्या ०.०० (म्हणजे बरोबरी) या मूल्यांकनावर मी विसंबणार नाही.

नोडमोजणी
असहमत. उंट एच३ उशिरा दिसतो त्याचं कारण दुबळेपणा नाही. तपासायच्या खेळींच्या क्रमात मागे असलेल्या, शांत दिसणाऱ्या खेळींची खोली (किती खेळ्या पुढचं बघायचं ते) इंजिन कमी करतं. या खेळीत मोहरा जातो आणि हातात काहीच येत नाही, म्हणून ती त्या क्रमाच्या तळाशी पडते. कमी खोलीवर तपासली की वाईट दिसते, आणि पुन्हा पूर्ण खोलीने तपासलीच जात नाही. पण याच कपातीमुळे बाकीच्या असंख्य स्थितींत इंजिन कितीतरी खोल जातं. कपात सैल केली तर कोडी जास्त सुटतील, डाव मात्र हरले जातील. स्टॉकफिश या इंजिनचे बदल फिशटेस्ट या त्याच्या चाचणी-व्यवस्थेवर आधी १० सेकंद + ०.१ (डावाला १० सेकंद, दर खेळीला ०.१ जादा) आणि मग ६० + ०.६ अशा डावांतून जातात, संख्याशास्त्रीय चाचणीत टिकले तरच घेतले जातात. ते योग्यच आहे.

शिवाय १०० स्थितींपैकी एकाने ६६ सोडवल्या, दुसऱ्याने ६०, यातून काय कळलं? समजा १२ स्थिती फक्त पहिल्याने आणि ६ फक्त दुसऱ्याने सोडवल्या. १८ मध्ये १२ विरुद्ध ६ हा फरक नशिबानेही सहज पडतो.

शेवटचं प्यादं
वरच्या स्पष्टीकरणात एक भर. अशा स्थितीत सगळे नल मूव्हला (एका बाजूची पाळी सोडून देऊन कमी खोलीने बघण्याला) दोष देतात, पण उंट गेल्यावर काळ्याकडे फक्त राजा आणि प्यादी उरतात, आणि बहुतेक इंजिनं तेव्हा त्या बाजूची नल मूव्ह बंदच ठेवतात. घोटाळा पांढऱ्याच्या पाळीला होतो. त्याच्याकडे उंट जास्त, मूल्यांकन चांगलं, म्हणून इंजिन त्याची खेळी सोडून देऊन कमी खोलीने बघतं. तेवढ्यात प्याद्याचा वजीर होताना दिसत नाही, आणि ती फांदी तिथेच छाटली जाते.

न्यूरल नेटवर्कवर चालणाऱ्या लीला या इंजिनचं दुखणं वेगळं. तिथे नेटवर्कने खेळीला दिलेली संभाव्यता फार कमी असेल तर तिच्याकडे शोधाची फेरी जातच नाही. संभाव्यता दहापट कमी असली तर पहिली भेट होण्याआधी साधारण शंभरपट फेऱ्या लागतात, कारण सूत्रात एकूण फेऱ्यांचं वर्गमूळ आहे. पॉलिसीचं तापमान (या संभाव्यता किती समसमान पसरवायच्या ते सेटिंग) वाढवलं की फरक पडतो. ते वाढवून मिळालेला निकाल मूळ सेटिंगचा म्हणून खपवू नये.

गढी आठ
मला तर प्रश्नपत्रिकाच, म्हणजे चाचणीच्या स्थितींची फाइलच, तपासाविशी वाटते. कास्पारोव्ह–टोपालोव्ह, वाइक आन झे १९९९ मधली २४. हत्ती×डी४ ही खेळी अनेक जण ‘सर्वोत्तम खेळी’ म्हणून फाइलमध्ये टाकतात. पण काळ्याने हत्ती न घेता २४...राजा बी६ केलं असतं तर तो टिकला असता. टोपालोव्हने सी×डी४ ने हत्ती घेतला म्हणून पुढचं सौंदर्य घडलं. इंजिन हत्ती×डी४ निवडत नसेल तर दोष इंजिनचा नाही. याच डावातली चांगली चाचणी म्हणजे हत्ती घेतल्यानंतरची स्थिती, उत्तर २५. हत्ती ई७ शह. २८व्या खेळीला तर खुद्द कास्पारोव्हची वजीर सी३ देखील उत्तर म्हणून चालणार नाही, हत्ती ए७ जास्त जोरदार होतं.

तिरपा उंट
@गढी आठ, पूर्ण सहमत. जिथे दुसरी खेळीही जिंकते ती स्थिती यादीतून काढावीच.

@नोडमोजणी, डाव जिंकणारं इंजिन चांगलंच, ते कुठे नाकारलंय? पण इंजिनची मदत घेऊन पत्राने खेळणाऱ्याला एका स्थितीवर दोन दिवस देता येतात, त्याला दहा सेकंदांच्या डावांचं रेटिंग पुरत नाही. चाचणी मात्र शिस्तीत हवी. दर स्थितीआधी ‘यूसीआय न्यू गेम’ ही आज्ञा पाठवून हॅश (इंजिनची शोधाची साठवण) रिकामा करायचा, नाहीतर आधीच्या शोधाचा उरलेला माल उत्तर देतो. तुलनेसाठी एक थ्रेड (समांतर शोध नाही) आणि ठरावीक नोड (तपासायच्या स्थितींची संख्या). थ्रेड अनेक असले की तीच स्थिती एकदा दहा सेकंदांत सुटते, एकदा तीन मिनिटांत, तेव्हा पाच वेळा चालवून मधली वेळ धरा. आणि खेळी एकदा चमकून गेली तर गुण नाही. ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे आणि मूल्यांकनही जिंकल्याचं दिसलं पाहिजे. ०.०० दाखवत उंट एच३ सुचवणाऱ्या इंजिनला काही कळलेलं नसतं.

नोडमोजणी
शिस्त मान्य. निष्कर्ष नाही. पत्राने खेळणारा कोऱ्या हॅशवर बटण दाबून बसत नाही. तो मल्टीपीव्ही (एकाच वेळी दाखवायच्या पर्यायी खेळींची संख्या) चार-पाचवर ठेवतो, संशयित खेळी स्वतः पटावर करतो, तीन-चार खेळ्या पुढे जाऊन इंजिन चालवतो आणि मागे येतो, म्हणजे हॅशमधलं मूल्य मूळ स्थितीपर्यंत पोचतं. उंट एच३, जी×एच३, राजा एफ५ एवढं पुढे नेऊन ठेवा, मग पाहा कोणतं इंजिन किती वेळात जिंकल्याचं सांगतं. विश्लेषणासाठीची चाचणी हवी तर ती अशी घ्या, आणि मल्टीपीव्हीचे आकडे वेगळ्या रकान्यात लिहा.